बर्टन पाहायचं तर पाण्यामागून चालायचं

बर्टन-अपॉन-ट्रेंट बघायला चाललोय असं सांगितलं की इंग्लंडमधली माणसं आधी विचारतात, "का?" त्यांचं चुकत नाही. जवळपास पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर आहेत, बेकवेलसारखी चित्रातली गावं आहेत, आणि बर्टनमध्ये लाल विटांच्या इमारती, स्टीलच्या उंच टाक्या, मोठमोठी कार पार्किंग आणि सगळीकडे असतात तसलीच दुकानं. स्टेशनवरून बाहेर पडून पंधरा मिनिटं इकडेतिकडे फिरलात, तर परतीच्या गाडीची वेळ बघायला लागाल. म्हणून हे लिहितोय. बर्टन हे बिअरचं, म्हणजे ब्रुअरींचं (बिअरच्या कारखान्यांचं) गाव. या गावाला पाहण्याचा एक क्रम आहे. तो पाळला तर दिवस पुरत नाही.

माझी मुलगी डर्बीला असते आणि मी मुंबई महापालिकेच्या जलखात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. त्यामुळे माझं मार्गदर्शन बिअरपेक्षा पाण्याच्या अंगानं जाईल. बिअर मी अर्धा पाइंट घेतो, बायको तेवढीही घेत नाही, तरी आमचे दिवस इथे छान जातात. न पिणाऱ्यांनी हे गाव टाळायचं काहीच कारण नाही.

आधी जायचं कसं ते. रेल्वेच्या वेळापत्रकात स्टेशनचं नाव बर्टन-ऑन-ट्रेंट असं दिसेल. लंडनहून सेंट पँक्रसची गाडी धरून डर्बी, साधारण दीड तास. डर्बीला बदलून बर्टन, दहा-बारा मिनिटं. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीटवरून थेट गाडी आहे आणि ती अर्ध्या तासात पोचवते. लंडनहून जाऊन-येऊन एका दिवसात जमतं. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. रविवारी गाड्या कमी असतात आणि गावही सुस्त असतं, म्हणून आठवड्यातला कामाचा दिवस निवडा. दुसरं कारण वासाचं. कामाच्या दिवशी वारा बरोबर असला तर स्टेशनच्या पुलावरच मॉल्ट शिजल्याचा वास येतो, आपल्याकडे नाचणीचं सत्त्व शिजताना येतो तसा. मोड आलेलं धान्य वाळवून, दळून, गरम पाण्यात घालायचं हीच मूळ क्रिया दोन्हीकडे, तेव्हा वास जुळला तर नवल नाही.

जुन्या गाइडबुकांत पहिलं नाव सापडेल ते हॉर्निंगलो स्ट्रीटवरच्या ब्रुअरी म्युझियमचं. तिथे धाव घेऊ नका. १९७७ साली, बास या इथल्या बड्या ब्रुअरीच्या नावानं, बास म्युझियम म्हणून सुरू झालेलं आणि पुढे नॅशनल ब्रुअरी सेंटर नाव घेतलेलं ते संग्रहालय ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या जागी बंद झालं. संग्रह नव्या जागी मांडायच्या योजनेबद्दल निघण्याआधी इंटरनेटवर बघून घ्या. उघडं असलं तर लाभ, नसलं तरी सगळं गावच उघड्यावर आहे.

आता पाणी. ट्रेंट नदीकाठचं गाव, म्हणून ट्रेंटच्या पाण्याची बिअर, असा समज पर्यटकांचा हमखास होतो. बर्टनची बिअर नदीच्या पाण्यानं कधीच झाली नाही, ती विहिरींच्या पाण्यानं झाली. गावाखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत आणि त्यात मुरणारं पाणी जिप्सममधून येतं. जिप्सम म्हणजे ज्याच्यापासून पीओपी बनतं तो दगड. त्यामुळे इथल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर आणि सल्फेट तर लिटरला सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात सल्फेटची पसंतीची मर्यादा २०० आणि दुसरा स्रोतच नसेल तर ४००. माझ्या हाती असा नमुना आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. इथल्या लोकांनी त्यावर साम्राज्य उभं केलं. कॅल्शियममुळे मॉल्टचा काढा नीट उतरतो, यीस्ट चांगलं खाली बसतं आणि बिअर नितळ होते. सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू करणाऱ्या फुलांचा, कडूपणा स्वच्छ, कोरडा लागतो. फिकट रंगाच्या, कडसर बिअरसाठी याहून चांगलं पाणी नाही. लंडनच्या मऊ-गढूळ चवीच्या काळ्या पोर्टर बिअरला ते लागत नव्हतं, पण फिकट एलची (एल हा बिअरचाच एक प्रकार) फॅशन आली तेव्हा लंडनच्या ब्रुअरी इथे येऊन शाखा काढू लागल्या; रॉमफर्डची इंड कूप १८५६ मध्येच आली. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी कोणत्याही पाण्यात जिप्सम घालून तेच साधायचं शोधून काढलं आणि बर्टनची मक्तेदारी हळूहळू गेली. आजही जगभरच्या ब्रुअरींत या कृतीला 'बर्टनायझेशन' म्हणतात.

विहिरी बघायला मिळत नाहीत, त्या ब्रुअरींच्या आवारात आहेत. पण तोच दगड दुसऱ्या रूपात बघता येतो. जिप्समची बारीक, घट्ट जात म्हणजे अलाबास्टर, आणि मध्ययुगाच्या अखेरीस बर्टनचे कारागीर त्यातून सरदारांच्या थडग्यांवरचे पुतळे कोरत. वेळ असेल तर चारेक मैलांवरच्या टटबरीला जा. तिथल्या प्रायरी चर्चच्या पश्चिम दाराच्या कमानीत बाराव्या शतकातलं अलाबास्टरचं कोरीव काम आहे, इंग्लंडमधलं सगळ्यात जुनं म्हणतात ते. शेजारी किल्ला आहे, त्यात स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत होती. तिच्या त्या तुरुंगवासापेक्षा मला कमान जास्त आवडली, पण आपापली आवड.

पायी फिरायला सुरुवात मार्केट प्लेसमधून करा. स्टेशनवरून स्टेशन स्ट्रीट धरून सरळ नदीच्या दिशेनं गेलात की हाय स्ट्रीट लागतो आणि तिथून जवळच सेंट मॉडवेनचं चर्च. आजचं चर्च अठराव्या शतकातलं आहे, पण जागा जुनी: अकराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वुल्फ्रिक स्पॉट नावाच्या सरदारानं इथे बेनेडिक्टाइन मठ स्थापला. मठ म्हणजे बिअर आलीच, साधूंचं रोजचं पेय तेच. मठाचं फार काही उरलेलं नाही, दहा मिनिटं पुरे.

चर्चच्या मागून उतरलं की नदी. इथे मात्र रेंगाळा. ट्रेंट बर्टनजवळ फाटे फोडते आणि मध्ये सपाट कुरणं राहतात, त्यांना वॉशलँड्स म्हणतात. पूर आला की पाणी या कुरणांवर पसरतं आणि गाव वाचतं. नदीला पसरायला जागा ठेवायची ही साधी अक्कल बघून मला मिठी नदी आठवते आणि मग मी विषय बदलतो. हिवाळ्यात आलात तर बूट जाडजूड हवेत, पायवाटा पाण्याखाली असू शकतात. वॉशलँड्समधून दक्षिणेकडे चालत गेलं की फेरी ब्रिज लागतो, लोखंडी, नाजूक, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. स्टेपनहिल या पलीकडच्या वस्तीतले कामगार आधी होडीनं नदी ओलांडत. १८८९ मध्ये बास घराण्यातल्या मायकेल आर्थर बास यांनी, म्हणजे लॉर्ड बर्टननी, स्वतःच्या खर्चानं हा पूल दिला. गावात चर्च, सभागृह, पूल, जिकडेतिकडे याच घराण्याचा पैसा दिसेल. टाउन हॉलसमोर लॉर्डसाहेबांचा पुतळाही आहे. आपल्याकडच्या गिरणीमालकांशी तुलना करायचा मोह होईल, तो पलीकडच्या स्टेपनहिल गार्डन्समध्ये बाकावर बसून पुरवा. बाग छान आहे, मुलांना हंस दिसतात.

नदीनं बिअर बनवली नाही, पण बिअर जगात नेली ती नदीनंच. १६९९ च्या कायद्यानं ट्रेंट बर्टनपर्यंत नौकानयनाला खुली करायची परवानगी मिळाली आणि मग इथली गोडसर, काळपट, जबर एल गेन्सबरो, हल अशी करत बाल्टिक समुद्रातून थेट सेंट पीटर्सबर्गला जाऊ लागली. रशियन दरबाराचं हे गिऱ्हाईक मोठं होतं. नेपोलियनच्या युद्धांत ते विस्कळीत झालं आणि १८२२ च्या रशियन जकातीनं उरलंसुरलं संपवलं. गाव अडचणीत. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकानं बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला जेवायला बोलावून सांगितलं, हिंदुस्थानात फिकट कडू एल खपते आणि ती सगळी लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या हातात आहे, तुम्ही का नाही बनवत? ऑलसॉपनं नमुना गावी आणला आणि त्याच्या मॉल्ट करणाऱ्या जॉब गुडहेडनं पहिला प्रयोग म्हणे चहाच्या किटलीत केला. किटलीचं खरं-खोटं देव जाणे. पुढचं मात्र पक्कं: बर्टनच्या पाण्यात ती एल लंडनपेक्षा सरस उतरली, पाठोपाठ बास उतरला आणि कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या बंदरांत बर्टनची पिंपं येऊ लागली.

पबमध्ये कुणी ना कुणी तुमचा चेहरा बघून इंडिया पेल एलची, म्हणजे हिंदुस्थानला जाणाऱ्या याच फिकट एलची, गोष्ट सांगणार, तयारीत राहा. गोष्टीत दोन ठिकाणी मीठ-मसाला असतो. साध्या बिअरी प्रवासात नासत म्हणून ही मुद्दाम शोधली, हे खरं नाही. काळी पोर्टर हिंदुस्थानात मुबलक जात होती आणि बरी पोचत होती. आणि ही बिअर सैनिकांची होती हेही नाही. गोरे सैनिक बहुतांशी पोर्टर पीत, पेल एल साहेबांच्या टेबलावर असे. केपला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या उष्ण प्रवासात पिंपातली बिअर मुरत जाई आणि ती मुरलेली चवच गिऱ्हाइकांना आवडली, एवढं म्हणता येईल. मी हे सांगतो तेव्हा ऐकणारा हिरमुसतो, पण मग पुढचा पाइंट तोच पाजतो.

नदीनंतर कालवा. स्टेशनच्या पश्चिमेला शॉबनल रोडनं निघालं की ट्रेंट अँड मर्सी कालवा लागतो, १७७७ मध्ये पूर्ण झालेला. विल्यम बासनं ब्रुअरी घेतली तेही १७७७ मध्येच. कालव्यामुळे पिंपं लिव्हरपूलच्या बाजूलाही जाऊ लागली. काठानं चालायला सपाट वाट आहे, अरुंद रंगीत नावा बांधलेल्या असतात. याच रस्त्यावर मार्स्टन्सची जुनी अॅल्बियन ब्रुअरी आहे. तिची मालकी आता कार्ल्सबर्गकडे गेली. बर्टन युनियन नावाची आंबवण्याची पद्धत औद्योगिक प्रमाणावर सगळ्यात शेवटपर्यंत इथेच टिकली. ओक लाकडाच्या पिंपांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यातून वर गेलेली बाकदार नळी आणि वर एक लांब पन्हळ. आंबताना वायू फेसाला नळीतून वर ढकलतो, पन्हळीत यीस्ट मागे राहतं आणि नितळ बिअर उतारानं परत पिंपात येते. पंप नाही, गाळणी नाही, उतार आणि वायूचा दाब यांवर सगळं काम. मला ही रचना तासभर समजावून सांगता येईल, घरचे सांगू देत नाहीत. २०२४ मध्ये कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीनं ही पिंपं निवृत्त केली, त्यातला एक संच डर्बीशायरच्या बेकवेलमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनं नेऊन चालू केला. तेव्हा युनियन चालताना बघायची असेल तर बेकवेलची चौकशी करा, बर्टनची नको.

रेल्वे १८३९ मध्ये आली आणि मग गावाचं डोकंच फिरलं. ब्रुअरींनी स्वतःचे खासगी रूळ गावभर टाकले, रस्त्या-रस्त्यावर फाटकं. माणसं आणि घोडागाड्या पिंपांच्या वॅगनी जाईपर्यंत खोळंबून उभी. १८७० च्या दशकात बास जगातली सगळ्यात मोठी ब्रुअरी होती. १ जानेवारी १८७६ ला ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांची नोंदणी सुरू झाली, त्यात पहिला क्रमांक बासच्या लाल त्रिकोणाचा. तो त्रिकोण पबच्या पाट्यांवर शोधा. कामगारांच्या वर्षाच्या सहलीलाही हीच कंपनी रेल्वे भरून माणसं नेई. १८९३ ला समुद्रकाठच्या ग्रेट यार्मथला एकामागोमाग एक १५ गाड्या सुटल्या. रूळ आता उखडलेत. पण एखादा रस्ता विनाकारण तिरका कापलेला किंवा दोन इमारतींमध्ये उगाच वळणदार मोकळी पट्टी दिसली तर ती बहुधा त्याच रुळांची जागा.

दुपारच्या जेवणाला पब. स्टेशनपासून अगदी जवळ, क्रॉस स्ट्रीटवर कूपर्स टॅव्हर्न आहे. ही जागा एके काळी बासच्या मालकीची होती आणि मागच्या खोलीत नेहमीसारखा काउंटर नाही, पिंपं समोर मांडलेली असतात. नदीकडे ब्रिज स्ट्रीटवर बर्टन ब्रिज इन. त्याच्या मागच्या बाजूला १९८२ मध्ये, बड्या कंपन्यांच्या भर काळात, छोटी ब्रुअरी सुरू झाली. तिथूनच पुढे नदीवरचा १८६४ चा लांबलचक दगडी पूल.

पहिल्यांदा पबमध्ये जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, काउंटरवर जाऊन मागायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण असते. तुमच्या आधी कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. चारजणांत एकानं सगळ्यांचं आणायचं, पुढच्या खेपेला दुसऱ्यानं, इथे बिल वाटून घेत नाहीत. आणि पिंपातली एल थंडगार मिळणार नाही, तळघराच्या तापमानाची, बारा अंशांच्या आसपास असते. "गरम बिअर दिली" म्हणून तक्रार करू नका. पहिल्या घोटाला विझलेल्या काडीसारखा गंधकाचा हलका वास आला तरी दचकू नका, तो सल्फेटचा, त्याला इथे 'बर्टन स्नॅच' म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. 'हाफ' मागायला लाजायचं नाही.

शाकाहाऱ्यांनी एक नीट लक्षात ठेवावं. पिंपातली एल नितळ करायला पारंपरिक रीतीनं माशाच्या वाताशयापासून केलेलं आयसिंग्लास घालतात. ते गाळासोबत तळाला बसतं, पण ज्यांना चालत नाही त्यांनी व्हीगन बिअर कुठली ते काउंटरवर विचारावं. कुणी हसत नाही, हल्ली बरेच जण विचारतात. जेवणाला चीजचा कॉब म्हणजे भरलेला गोल पाव बहुतेक ठिकाणी मिळतो.

बायकोचा या गावातला मुक्काम मात्र मार्माइटपाशी. तळाला बसलेल्या यीस्टचं करायचं काय, या प्रश्नातून १९०२ मध्ये इथेच मार्माइट कंपनी निघाली, बासचं यीस्ट हाकेच्या अंतरावर होतं. काळा, चिकट, खारट लेप. कारखाना आजही गावात आहे आणि लायब्ररीजवळ मार्माइटच्या बरणीचं दगडी स्मारकसुद्धा आहे, तिथे फोटो काढून घ्या. सुपरमार्केटातून सगळ्यात छोटी बरणी घ्या, गरम टोस्टला भरपूर लोणी लावा आणि वर मार्माइट अगदी दिसेल न दिसेल इतकंच. चमच्यानं खाऊन तोंड वाकडं करणारे आमच्या घरातही आहेत.

या बरणीचं मुंबईशी नातं आहे आणि ते बिअरपेक्षा मला मोलाचं वाटतं. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता, त्याचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. परळच्या हाफकिनमधून ते चाललं. जंतू नाही, मग आहारात काहीतरी कमी असणार म्हणून तिनं प्राण्यांवर प्रयोग केले, आणि मार्माइट दिल्यावर फरक पडला. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणत, तोच पुढे फोलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. आज प्रत्येक गरोदर बाईला दवाखान्यात पहिली गोळी हातात ठेवतात ती त्याची. हाफकिनच्या दारावरून मी नोकरीभर ये-जा केली, पण तिथे हे घडलं होतं ते मला बर्टनला आल्यावर कळलं.

आणि आता माझी खरी जागा, जिथे मला कुणी घाई करायची नाही: क्लेमिल्स. गावाच्या उत्तरेला स्ट्रेटनजवळ, बस किंवा टॅक्सीनं. ब्रुअरी एक पिंप बिअर करताना कित्येक पिंपं पाणी वापरते. एवढ्या ब्रुअरींचं गरम, यीस्टनं भरलेलं सांडपाणी नदीत सोडून बर्टननं ट्रेंटची वाट लावली होती. त्यावर उपाय म्हणून १८८५ मध्ये हे पंपिंग स्टेशन उभं राहिलं. लेस्टरच्या गिमसन कंपनीची चार वाफेची बीम इंजिनं सांडपाणी एगिंटनच्या शेतांवर चढवत. १९७१ पर्यंत काम चाललं. आता स्वयंसेवक ते सांभाळतात आणि ठरावीक दिवशी बॉयलर पेटवून इंजिनं फिरवून दाखवतात. जाण्याआधी वाफेचे दिवस त्यांच्या संकेतस्थळावर बघा आणि जमलं तर सगळी सहल त्या तारखेलाच आखा. थंड इंजिन बघणंही वाईट नाही, पण अनेक टनांचा तो दांडा डोक्यावर वर-खाली होताना बघायचा असेल तर वाफ हवी. तेलाचे डाग पडतील असे कपडे घाला. स्वयंसेवकांना प्रश्न विचारा, ते त्यासाठीच असतात. बरेचसे माझ्याच वयाचे आणि माझ्याच जातीचे, म्हणजे निवृत्त अभियंते.

लंडनला परतणार असाल तर डर्बीची गाडी तुम्हाला सेंट पँक्रसला सोडेल. प्लॅटफॉर्म रस्त्यापेक्षा उंचावर का, याचं उत्तर असं की रूळ रीजंट्स कालव्यावरून आणावे लागले. खाली जी पोकळी उरली ती मिडलंड रेल्वेनं १८६८ पासून बर्टनच्या बिअरचं गोदाम म्हणून वापरली. अभियंता विल्यम बार्लोनं खालच्या लोखंडी खांबांमधलं अंतर पिंपं किती बसतात त्या हिशेबानं ठेवलं. आता तिथे दुकानं आणि युरोस्टारचा हॉल आहे, खांब तेच. सामान बायकोकडे द्या, दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजून या. साधारण साडेचार मीटर भरलं पाहिजे.